काशीचा घाट आणि महेश्वरची खासगी

वाराणसीतील दशाश्वमेध घाटावरून उगमाच्या दिशेने, म्हणजे दक्षिणेकडे चालू लागले की शीतला घाट ओलांडताच अहिल्याबाई घाट लागतो. संध्याकाळच्या गंगाआरतीची गर्दी बहुधा शेजारीच थांबते आणि या घाटाच्या पायऱ्या त्या मानाने निवांत असतात. पाण्यापर्यंत उतरत गेलेली दगडी बांधणी, मागे उंच उभा असलेला वाडा, एखाद्या कोपऱ्यात अंगाला तेल लावत बसलेला वृद्ध, धुतलेली वस्त्रे वाळत घातलेल्या दोऱ्या, असे हे नित्याचे दृश्य आहे. पूर्वी या जागेस केवलगिरी घाट म्हणत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात होळकरांच्या पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी तो पक्का बांधविला आणि लोकांनी त्यांचेच नाव घाटास दिले.

महाराष्ट्रातून जाणारा यात्रेकरू येथे हात जोडतो, छायाचित्र काढतो आणि पुढे मुन्शी घाटाकडे वळतो. मात्र पैशाच्या व्यवहारात आयुष्य घालविलेल्या माणसाच्या मनात येथे वेगळाच प्रश्न उभा राहावा. महेश्वर नर्मदेच्या तीरी, काशी गंगेच्या तीरी; मध्ये शेकडो कोसांची वाट, घाट, जंगले आणि पेंढाऱ्यांचे भय. काशीवर होळकरांची सत्ता नव्हती. तेथे बळवंतसिंह व त्यांच्यानंतर चेतसिंह हे राजे अवधच्या नवाबाच्या छत्राखाली राज्य करीत आणि १७७५ च्या तहाने तो मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. परक्या राज्यात दगड, मजुरी, जमीन सारेच रोख मोल देऊन घ्यावयाचे. मग हा पैसा महेश्वराहून काशीस पोचला कसा, आणि घाट बांधून झाल्यावर त्याची देखभाल कोणत्या पुंजीवर चालली?

खासगी आणि दौलत

या प्रश्नाचे उत्तर होळकरांच्या खजिन्याच्या रचनेत सापडते. होळकर संस्थानात उत्पन्नाचे दोन स्वतंत्र भाग होते. लष्कर, तहनामे, पेशव्यांकडील देणे यांसाठीचा महसूल तो दौलतीचा. आणि घराण्यातील स्त्रीच्या हाती राहणारा तो खासगीचा. थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या काळात, १७३४ साली, मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीची गावे लावून देण्यात आली. गौतमाबाईंच्या निधनानंतर हा वारसा त्यांच्या सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आला.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावचा. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये निवर्तले आणि एकुलता पुत्र मालेराव त्यापुढच्याच वर्षी गेला. आता राज्याला पुरुष वारस नाही, हे पाहून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा घाट घातला व राघोबादादा पेशव्यांस सैन्यासह माळव्यात बोलाविले. डोळा अर्थातच खजिन्यावर होता. बाईंनी लढाईची तयारी केली, पुण्यास माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली आणि राघोबादादांस माघार घ्यावी लागली. याच प्रसंगी बाईंनी सगळ्या द्रव्यावर तुळशीपत्र ठेवून ते कृष्णार्पण केले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका असो वा घडलेली गोष्ट, तीत एक व्यवहारी शहाणपण आहे. एकदा धर्मादाय म्हणून जाहीर झालेल्या धनाला हात लावणे पेशव्यांच्या घरच्या पुरुषासही जड गेले असते.

या द्रव्याचा आकडा किती? पंधरा-सोळा कोटींच्या गोष्टी आजही ऐकावयास मिळतात. १८१८ च्या तहानंतर माळव्याचा कारभार पाहणाऱ्या सर जॉन माल्कम यांनी जुन्या कारभाऱ्यांकडे चौकशी करून १८२३ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील अंदाज बराच संयत आहे : सुमारे दोन कोटींची शिल्लक आणि खासगी जमिनींचे सालिना सुमारे चार लाखांचे उत्पन्न. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर पहिली रक्कम ही एकदा खर्च झाली की संपणारी ठेव, आणि दुसरी दर साल नव्याने येणारी आवक. बाईंच्या कारकिर्दीचा अर्थ या दुसऱ्या आकड्यात अधिक आहे. तुकोजी होळकर फौजेसह दूरदूरच्या मोहिमांवर असत आणि त्यांची पैशाची मागणी सतत महेश्वरी येई. या मागण्यांवरून दोघांत कुरबुरीही झाल्या. तरीही दौलतीच्या गरजेपोटी खासगी रिकामी होऊ द्यावयाची नाही, हा कटाक्ष बाईंनी जवळजवळ तीस वर्षे पाळला.

हुंडीचा प्रवास

आता पैशाच्या वाटचालीकडे वळू. थैल्या उंटांवर लादून माळव्यातून काशीस पाठविणे अशक्य नव्हते, पण जोखमीचे आणि खर्चाचे होते. शिवाय माळव्याचा रुपया काशीच्या बाजारात आपल्या दर्शनी किमतीला चालतच असे, असे नाही. टांकसाळ, साल, वजन आणि झीज पाहून सराफ त्यावर बट्टा कापीत. इंदूरच्या, म्हणजे तेव्हाच्या मल्हारनगरच्या, आणि महेश्वरच्या टांकसाळींतून बाईंच्या काळी जे रुपये पडत, त्यांवर बादशहा शाह आलम यांचे नाव असे व सोबत शिवलिंग आणि बिल्वपत्र अशी चिन्हे असत. (बाईंच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने ३१ मे २०२५ रोजी भोपाळ येथे ३०० रुपयांचे स्मारक नाणे प्रकाशित झाले, त्यावर मात्र त्यांची स्वतःची प्रतिमा आहे.) माळव्याचे नाणे माळव्यात चोख, काशीच्या सराफ्यात त्याची पुन्हा पारख.

ही अडचण साहुकारांनी केव्हाच सोडविली होती. समजा, महेश्वरच्या एखाद्या पेढीवर दहा हजार रुपये भरणा केले. पेढीचा मालक काशीतील आपल्या आडत्याच्या नावे कागदाचा एक तुकडा लिहून देई, तीच हुंडी. दाखविताक्षणी पैसे द्यावयाचे असल्यास ती दर्शनी, ठराविक दिवसांनी द्यावयाचे असल्यास मुदती. बाजारात पत असलेल्या साहुकारामार्फतच वटणारी ती शाहजोग. वाटेत कोणी चोरली तरी चोराला तिचा उपयोग नसे. हरवलीच, तर दुसरी प्रत म्हणजे पैठ आणि तीही गहाळ झाली तर परपैठ काढण्याची सोय होती. पैसा इकडून तिकडे करण्याबद्दल हुंडणावळ आकारली जाई आणि वाटांची स्थिती, मुदत व त्या त्या गावी रोकडीची चणचण पाहून तिचा दर वरखाली होई. आजच्या धनाकर्षाचे सर्व अवयव त्या कागदात ओळखता येतात. फरक इतकाच की त्यामागे कायद्याने स्थापन झालेली संस्था नव्हती; होती ती केवळ एका घराण्याची पत. हुंडी न सकारणारी पेढी दुसऱ्या दिवशी बाजारातून उठली, असे समजावे.

प्रत्यक्षात रोकड फारशी हालतच नसे, ही यातील खरी खुबी. काशीचे किनखाब आणि शालू दक्षिणेत व माळव्यात येत, माळव्याचा कापूस आणि अफू बाहेर जाई, गुजरात-राजपुतान्याचे व्यापारी दोन्हीकडे देणे-घेणे ठेवीत. काशीतील एखाद्या व्यापाऱ्याचे इंदुरात येणे असे, इंदूरच्या एखाद्याचे काशीत देणे असे. या देण्याघेण्यांची वजाबाकी हुंड्यांतून होई आणि यात्रेकरूंचा व धर्मादायाचा पैसा त्याच प्रवाहात मिसळून जाई. देवळाचा कळस आणि शालूचे मोल एकाच खातेवहीत, शेजारच्या ओळींवर चढत असे.

काशीचे साहुकार त्या काळी उत्तर हिंदुस्थानात अग्रगण्य होते. मातब्बर पेढ्यांच्या मंडळास तेथे नौपट्टी म्हणत. गोपाळदास यांच्या पेढीचा लौकिक तर असा की १७८० च्या दशकात कंपनी सरकारलाही मुंबई-सुरतेकडे पैसा पोचविण्यासाठी तिच्या हुंड्यांचा आधार घ्यावा लागला. मराठ्यांशी लढणाऱ्या कंपनीचा पैसा आणि मराठ्यांच्या देवालयांचा पैसा एकाच शहरातील सराफ्यात वटावा, हा त्या काळाचा मोठा मौजेचा योग म्हणावा लागेल.

शिवाय मराठी माणूस काशीत उपरा नव्हता. १७३५ मध्ये बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेस गेल्या, त्याच सुमारास पेशव्यांच्या वतीने तेथे घाटांची कामे निघाली होती. नारायण दीक्षित पाटणकर यांच्यासारख्या विद्वानांमुळे ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या परिसरात दक्षिणी वस्ती रुजली. बाईंचे वकीलही पुणे, हैदराबाद, नागपूर यांबरोबरच लखनौ व कलकत्ता येथे असत, असे माल्कम सांगतो. काशीच्या कामासाठी यांतील शेवटची दोन ठाणी किती मोलाची होती, हे वेगळे सांगावयास नको; कारण १७७५ पर्यंत काशीचा धनी अवधचा नवाब होता आणि त्यानंतर कलकत्त्याची कंपनी.

साहुकाराचा विश्वास

हुंडी पतीवर चालते आणि पत राज्यकर्त्याच्या वर्तनावर. त्या काळी निपुत्रिक धनिक मरण पावला की त्याच्या मिळकतीवर सरकारचा हात पडणे ही सर्वसाधारण रीत होती. दत्तकास मान्यता द्यावयाची तर जबर नजराणा मागितला जाई. इंदूरचा देवीचंद नावाचा साहुकार असाच निपुत्रिक वारला, तेव्हा शहराजवळ तळ देऊन असलेल्या तुकोजी होळकरांनी त्याच्या मालमत्तेत हिस्सा मागितला. विधवा महेश्वरास धावली. बाईंनी तिला वस्त्रे देऊन तिचा हक्क मान्य केला आणि तुकोजींस निरोप धाडला की आपला तळ शहरापासून दूर हलवावा व इंदुरास उपद्रव देऊ नये. तुकोजींनी तो मानला. इंदूरकरांनी हा प्रसंग विसरू दिला नाही. माल्कमने तो पुढच्या पिढीच्या तोंडून ऐकून टिपला.

खरगोणच्या तापीदास आणि बनारसीदास या दोघा धनिक भावांची कथा याहून बोलकी आहे. दोघेही अपत्यहीन वारले. विधवांनी सारी संपत्ती आपण होऊन बाईंना देऊ केली. बाईंनी ती नाकारली आणि लोकोपयोगी कामात लावावी असे सुचविले. खरगोणला कुंदी नदीवर घाट व गणपतीचे देऊळ उभे राहिले ते या द्रव्यातून. सरकारात जमा होऊ शकणारी पुंजी राज्यकर्त्याने नाकारावी, हे वरवर उदारपणाचे दिसते. पण खजिन्याच्या दृष्टीनेही तो तोट्याचा सौदा नव्हता. ज्या मुलखात मेलेल्याची वही जप्त होत नाही, त्या मुलखात जिवंत माणूस पेढी उघडतो. इंदूर हे ओढ्याकाठचे गाव माळव्याची मोठी बाजारपेठ झाले, त्याचा पाया या वर्षांत पडला.

अधिकारी वारंवार न बदलणे हीदेखील बाईंची रीत. गोविंदपंत गानू दीर्घकाळ त्यांचे कारभारी होते आणि इंदूरचे कमाविसदार खंडेराव वीस वर्षांहून अधिक काळ त्याच जागी राहिले. सकाळची पूजा आणि दानधर्म आटोपला की दुपारी दोनच्या सुमारास दरबार भरे, तो सायंकाळपर्यंत चाले. रात्री नऊनंतर पुन्हा काम. हिशेब त्या स्वतः पाहत.

(होळकर घराण्यातील हा हिशेबीपणा पुढेही टिकला, हे जाता जाता सांगावयास हवे. दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० च्या सुमारास खांडवा-इंदूर लोहमार्गासाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले. संस्थानिक सरकारकडून कर्ज घेतो हे नेहमीचे. येथे सरकारच ऋणको होते.)

घाट बांधणे आणि घाट राखणे

काशीतील बाईंच्या कामांत विश्वनाथाचे सध्याचे देवालय सर्वश्रुत आहे; ते १७८० मध्ये पूर्ण झाले. त्यानंतरच्याच वर्षी चेतसिंहाचे बंड होऊन शहर ढवळून निघाले, वॉरन हेस्टिंग्जला काशीतून निसटावे लागले. राज्य बदलले, राजा बदलला, देवळातील पूजा चालू राहिली. १७८५ मध्ये हेस्टिंग्जच्या आज्ञेवरून अली इब्राहीम खान यांनी देवळासमोर नौबतखाना बांधविला आणि पुढे महाराजा रणजितसिंहांनी शिखरास सोन्याचा पत्रा दिला. मणिकर्णिका आणि दशाश्वमेध येथील घाटांचे कामही बाईंच्या खाती आहे.

पण घाट हे देवळापेक्षा अवघड बांधकाम. चुनारच्या वालुकाश्माच्या शिळा नावांतून आणून त्या नदीच्या उतारावर रचावयाच्या आणि दर पावसाळ्यात कित्येक हात चढणाऱ्या गंगेच्या स्वाधीन करावयाच्या. पाणी ओसरते तेव्हा पायऱ्यांवर पुरुषभर गाळ साचलेला असतो. तो उपसणे, निखळलेले दगड बसविणे, खचलेले बुरूज सावरणे हे काम प्रतिवर्षी नव्याने उभे राहते. देणगी देऊन बांधलेला आणि नंतर खर्चाअभावी ढासळलेला घाट काशीत नवा नाही.

बाईंच्या दानाचे वेगळेपण येथे आहे. गंगेचे पाणी कावडीने दूरदूरच्या, अगदी दक्षिणेतील देवस्थानांसही दर वर्षी पोचावे. सणावारी अन्नदान व्हावे. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी आणि थंडीत गरिबांना पांघरुणे मिळावीत, ही सारी आवर्ती कामे होती. सोमनाथ, गया, वेरूळ आणि कितीतरी इतर स्थाने या यादीत येतात. त्यांचा खर्च शिलकेतून नव्हे, तर खासगीच्या गावांच्या उत्पन्नातून व्हावयाचा. पीक वाढले, भाव वाढले तर महसूलही वाढेल आणि गवंड्याची मजुरी वाढली तरी निभावेल, अशी ही रचना. जमिनीला बांधलेले दान महागाईबरोबर चालते.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी बाईंचे महेश्वरी निधन झाले. संस्थानाने त्यानंतर यशवंतरावांच्या लढाया पाहिल्या, १८१८ चा मंदसौरचा तह पाहिला, ब्रिटिश रेसिडेंट पाहिला. खासगीचे खाते वेगळे ते वेगळेच राहिले.

२,९१,९५२ रुपये

१९४८ मध्ये होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाले, तेव्हा या खात्याचे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहिला. निर्णय असा झाला की खासगीच्या मिळकती व उत्पन्न राज्याकडे जावे आणि त्याच्या बदल्यात राज्याने या धर्मादायांसाठी दर वर्षी २,९१,९५२ रुपये कायमचे बाजूला काढावेत. १९६२ मध्ये या धर्मादायांच्या व्यवस्थेसाठी इंदूर येथे खासगी देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज ट्रस्ट स्थापन झाला. देवळे, धर्मशाळा, छत्र्या आणि घाट मिळून त्याच्याकडील मालमत्तांची संख्या २४६ आहे आणि त्या देशभर विखुरलेल्या आहेत.

बँकेच्या कर्मचाऱ्यास येथे आकडेमोड करण्याचा मोह आवरणार नाही. २,९१,९५२ रुपयांस २४६ ने भागले तर दर मालमत्तेस वर्षाला सुमारे १,१८७ रुपये येतात, म्हणजे महिन्याला शंभराच्या आत. १९४८ साली ही रक्कम क्षुल्लक नव्हती. पण तिच्यावर महागाईची कोणतीही तरतूद नव्हती. 'कायमचे' हा शब्द मुदतीस लागला, मोलास लागला नाही. जमिनीचे उत्पन्न गेले आणि त्याजागी न हलणारा आकडा आला. काशीच्या घाटावरचा गाळ उपसणाऱ्याची मजुरी मात्र आकड्यासाठी थांबून राहिली नाही. ठेवीदार ज्याला मुद्दलाची धूप म्हणतात, तिचे याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

पैसा आटला की मालमत्ता विकण्याचा विचार पुढे येतो. हरिद्वारच्या कुशावर्त घाटावरील मिळकतीच्या हस्तांतरणावरून तक्रारी झाल्या आणि प्रकरण न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने या मालमत्ता राज्य सरकारच्या असल्याचे म्हटले आणि चौकशीचे आदेश दिले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये हा निर्णय फिरविला. मालमत्ता ट्रस्टच्याच असल्याचे मान्य करताना न्यायालयाने दुसरीही गोष्ट स्पष्ट केली : हा सार्वजनिक विश्वस्त निधी आहे, त्याची मध्य प्रदेश सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी झाली पाहिजे, आणि पूर्वपरवानगीवाचून झालेल्या हस्तांतरणांची तपासणी निबंधकाने करावी.

काशीत याच सुमारास बाईंच्या नावास नवा उजाळा मिळाला. १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथ धामाच्या नव्या परिसराचे उद्घाटन झाले, तेथे त्यांचा पुतळा बसविण्यात आला. पुतळ्यापासून त्यांच्या घाटापर्यंतचे अंतर फार नाही. गल्ल्यांतून दशाश्वमेधास यावे, उजवीकडे वळावे आणि शीतला मंदिर मागे टाकावे. पाणी उतरलेले असेल तर वरच्या वाड्याच्या पायापासून खालपर्यंतची सगळी बांधणी एकाच नजरेत दिसते, आणि खालच्या चार-सहा पायऱ्यांवर बहुधा फावडी घेऊन माणसे उभी असतात.